रंजनाबेनची नेमणूक

रंजनाला शिक्षिका व्हायचं होतं, आणि घरात कुणी त्याला हरकत घेतली नाही. वडील हिलाल बोरसे पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर कामाला. आई उषाबाई घरी बसून साड्यांना लेस लावून देई. दोघंही शिरपूरकडून लग्नानंतर लगेच सुरतेला आलेले. रंजना जन्मली ती इथंच आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. बारावीला गुण बरे पडले. मामा नंदुरबारला होते, म्हणून त्यांच्याकडे राहून तिनं डी.एड. केलं. घरी आली तेव्हा हिलालांनी मिलमधल्या सगळ्या पाळीला पेढे वाटले. पोरगी आता मास्तरीण झाली, असंच सगळ्यांनी धरलं. डी.एड. होणं आणि मास्तरीण होणं यांच्यामध्ये किती मोठा डोंगर उभा आहे, याची कल्पना त्या घरात तेव्हा कुणालाच नव्हती. रंजनालाही नव्हती.

पहिला दरवाजा तिनं ठोठावला तो महाराष्ट्राचा. मराठीतून शिकलेली, मराठीतून डी.एड. केलेली, तर शिकवायला मराठी शाळाच हवी, हे तिच्या दृष्टीनं सरळ होतं. पात्रता परीक्षा दिली, पास झाली. मग बरीच वर्षं भरतीच निघाली नाही. मधल्या काळात महेशशी लग्न झालं. महेश बमरोलीत एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. मुलगी झाली, तिचं नाव हेतल ठेवलं. मग एकदाची भरती निघाली. पुन्हा एक परीक्षा, तीही संगणकावर. रंजनानं हेतलला आईकडे टाकून अभ्यास केला आणि तिला गुणही चांगले मिळाले. कागद तपासायला तिला बोलावलं गेलं, तेव्हा महेशनं खाडा करून तिला तिथवर पोचवलं.

टेबलामागच्या माणसानं सगळे कागद उलटसुलट पाहिले.

“मॅडम, अधिवासाचा दाखला?”

“नाही मिळाला. वडिलांचं गाव शिरपूरकडचं आहे. त्यांचा शाळेचा दाखला आणलाय.”

“वडिलांचा नाही, तुमचा. जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची, आधार सुरतेचं. महाराष्ट्रात राहिलात किती?”

“डी.एड.ची दोन वर्षं. पण मी मराठीच आहे ना.”

“भाषेचा दाखला नाही मागितला, ताई. राहण्याचा मागितलाय.”

माणूस काही वाईट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, आणखी कुठं अर्ज करता येईल तेही सांगितलं. पण कागद परत तिच्या हातात आले. परतीच्या बसमधून सोनगढला चहा प्यायला उतरल्यावर महेश म्हणाला, “तिकडं आपण गुजरातचे आणि इकडं महाराष्ट्राचे. भारी आहे.” रंजनाला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडली.

गुजरातेत मराठी माध्यमाच्या जागा निघायच्या, पण अगदी मोजक्या, आणि कधी निघतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर घरी बसून काय करायचं? बमरोलीत एका ट्रस्टची गुजराती माध्यमाची खासगी शाळा होती. तिथं तिसरीला बाई हव्या होत्या. रंजना गेली. ट्रस्टी फोनवर कुणाशी तरी कापडाच्या ऑर्डरबद्दल बोलत होते. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “गुजराती आवडे छे?” येतं का, असा त्याचा अर्थ. सुरतेत जन्मलेल्या मुलीला गुजराती येणार नाही तर काय? तिनं हो म्हटलं. “कालथी आवी जाओ,” ते म्हणाले, आणि पुन्हा ऑर्डरकडे वळले. उद्यापासून ती शिक्षिका होती. निवड झाली ती इतकीच.

त्या शाळेत तिनं बरीच वर्षं काढली. पोरं तिच्यावर खूश असायची, पालकांची तक्रार नसायची. ती स्वतःला चांगली शिक्षिका समजत होती, आणि तसं न समजण्याचं काही कारणही नव्हतं.

प्रिया तिची शाळेपासूनची मैत्रीण. मराठी शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. प्रियानं पुढं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि सुरतेच्या एका मोठ्या शाळेत लागली. मग इंग्लंडमध्ये विज्ञानाचे शिक्षक कमी पडतात, बाहेरून घेतात, असं तिनं कुठंतरी वाचलं आणि अर्ज केला. नवरा आणि मुलासकट ती तिकडं गेली. एका रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. रंजना मेथी निवडत बसली होती.

“कसं घेतलं गं तुला? परीक्षा होती?” रंजनानं विचारलं.

“परीक्षा नाही. शाळेनंच जाहिरात दिली होती आणि निवडायचंही शाळेनंच. आधी इथूनच कॅमेऱ्यावर बोलले. माझा वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ मागितला. इकडं आल्यावर दुसऱ्या शाळेत जायचं ठरलं, तेव्हा तर सबंध दिवस बोलावलं. सकाळी वर्गात उभं केलं, म्हणाले, शिकवा. मागं हेडबाई बसलेल्या.”

“सगळ्यांसमोर?”

“हो. आणि त्यानंतर पोरांनी माझी मुलाखत घेतली.”

“पोरांनी?” रंजनाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“बारा-तेरा वर्षांची चार पोरं. टेबलापलीकडं बसली, हातात प्रश्न. एक पोरगी म्हणते, मिस, एखादा मुलगा रोज उशिरा येत असेल तर तुम्ही आधी काय विचाराल? मला घाम फुटला. आणि पालकांचा एक माणूसही होता मुलाखतीला.”

रंजना विचारतच राहिली. मुलांना विचारून खरंच निवडतात का? नापसंत पडलं तर तोंडावर सांगतात का? प्रिया हसायला लागली. “एवढं काही हरखून जाऊ नकोस. निवडतात खरं, पण निवडायला माणसं कुठं आहेत? त्या जागेला आम्ही दोघंच होतो. दुसरा मधल्या सुट्टीत उठून निघून गेला. आणि नवीन आलेली माणसं टिकत नाहीत, दोन-चार वर्षांत दमून सोडतात. आमच्यात एक फ्रान्सची बाई आहे, फ्रेंच शिकवते. ती म्हणते, आमच्याकडं सबंध देशाची एक परीक्षा, पास झालं की सरकार पाठवेल तिथं जायचं. तिला एका टोकाला टाकलं होतं, नवरा दुसऱ्या टोकाला. कंटाळून ती इकडं आली.”

“म्हणजे आपल्यासारखंच की.”

“बरंचसं. तिच्या तोंडून ऐकलं की मला आपलं गांधीनगरचं सरकारच आठवतं.”

फोन ठेवल्यावर रंजना मेथीकडे वळली, पण तिचं लक्ष लागेना. इतक्या परीक्षा दिल्या, इतके कागद दाखवले, वर्षानुवर्षं वर्गात उभी राहिले. पण मी शिकवते कशी हे आजवर कुणी पाहिलंच नाही. डी.एड.च्या पाठांना बाई मागं बसायच्या खऱ्या, पण त्या वह्या तपासत बसलेल्या असायच्या. हे तिनं रात्री जेवताना महेशला सांगितलं. महेश म्हणाला, “मशीन घेताना तर आम्ही चालवून बघतो.” आणि त्यानं आणखी भाकरी मागितली.

शाळेच्या आचार्या, म्हणजे मुख्याध्यापिका, मालतीबेन सुरतच्याच, गुजराती. सरकारी शाळेतून निवृत्त होऊन त्या इथं आल्या होत्या. बोलणं थोडकं, पण नजर तीक्ष्ण. दुसऱ्या दिवशी रंजना त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “बेन, एकदा माझा तास बघाल का? आणि काय चुकतं ते सांगाल?” मालतीबेनना आश्चर्य वाटलं. शिक्षिका तास बघू नका म्हणून सांगायला यायच्या. बघा म्हणून कुणी आलेली नव्हती.

रंजनानं त्या दिवसासाठी मुद्दाम तयारी केली. अपूर्णांक शिकवायचे होते. घरून भाकऱ्या नेल्या, त्यांचे अर्धे, पाव तुकडे केले, फळ्यावर रंगीत खडूनं चित्रं काढली. पोरं खुशीत होती. तास संपला तेव्हा तिला वाटलं, आता मालतीबेन शाबासकी देतील.

“भाकऱ्या चांगल्या होत्या,” ऑफिसात बसल्यावर मालतीबेन म्हणाल्या. त्या गुजरातीच बोलायच्या, पण सावकाश. “रंजनाबेन, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता?”

“थांबते की.”

“नाही थांबत. एकदाही थांबला नाहीत. प्रश्नही तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मुलं फक्त तुमच्यामागून म्हणतात. आज तुमच्या वर्गात एकाच माणसाला अपूर्णांक आले, ते तुम्हाला.”

रंजनाचा चेहरा उतरला. घरी जाता जाता आईकडे थांबून ती उषाबाईंना म्हणाली, “उगीच बोलावलं त्या बाईला.” दोन दिवस ती मालतीबेनना टाळत राहिली. पण तिसऱ्या दिवशी वर्गात तिनं एक प्रश्न विचारला आणि जीभ दाबून धरून उभी राहिली. वर्ग शांत झाला. ती शांतता तिला सहन होईना. आपल्याला येत नाही असं पोरांना वाटेल, बाहेरून जाणाऱ्याला वाटेल ही बाई नुसतीच उभी आहे, अशी तिला भीती वाटत होती, आणि म्हणूनच आपण इतकी वर्षं बोलत आलो, हे तिला तिथं उभ्या उभ्याच कळलं. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं उत्तर दिलं. ते चूक होतं. दुसरीनं म्हटलं, नाही, तसं नाही, आणि दोघी आपसात भांडू लागल्या. रंजना भांडण ऐकत राहिली. दोघींनाही काय कळलं आणि काय नाही, ते तिला त्या भांडणातून पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं.

त्यानंतर महिन्यातून एकदा ती मालतीबेनना वर्गात बोलवायची. त्यांनी कधी तोंडभर कौतुक केलं नाही. पण त्यांनीच एक दिवस विषय काढला. “तुम्ही मराठी माध्यमाच्या जागेची वाट किती दिवस बघणार? गुजरातीतून टेट द्या.”

“माझं गुजराती रस्त्यावरचं आहे, बेन. परीक्षेचं नाही.”

“मग परीक्षेचं शिका. मुलांना शिकवता ना?”

टेट म्हणजे शिक्षक व्हायची पात्रता परीक्षा. तिचे गुण, बारावीचे गुण आणि डी.एड.चे गुण मिळून एक मेरिट तयार होतं, आणि त्या क्रमानं नोकऱ्या मिळतात. रंजनानं पहिलीपासून आठवीपर्यंतची गुजरातीची पाठ्यपुस्तकं गोळा केली. शेजाऱ्यांशी बोलताना अडत नव्हतं, पण कागदावर सगळंच वेगळं निघालं. ऱ्हस्व-दीर्घ दगा देत. मराठीसारखे दिसणारे शब्द भलताच अर्थ घेऊन बसलेले. एका सरावपरीक्षेत ‘राग’ या शब्दाला तिनं बिनधास्त क्रोधावर खूण केली. गुजरातीत राग म्हणजे माया, आसक्ती. महेशनं ते आठवडाभर लावून धरलं. ती चिडली की तो म्हणे, “बघा, केवढा राग आहे माझ्यावर.”

पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं. पुढची परीक्षा केव्हा होईल ते कुणाला माहीत नव्हतं. ती झाली तेव्हा रंजना पास झाली, पण भरती पुन्हा लांबली. तोवर सरकारी शाळांत अकरा महिन्यांच्या करारावर शिक्षक घेत होते. रंजनाचा नंबर कोसाडच्या एका प्राथमिक शाळेत लागला. ती बातमी सांगायला आईकडे गेली.

“अकरा महिनानी मास्तरीन?” उषाबाई म्हणाल्या. “मंग बारावा महिनाले तू कोन शे?”

हिलाल आता निवृत्त झाले होते, खाटेवर बसून पाय चोळत होते. ते म्हणाले, “त्या त्यास्नं करतीन. तू तुनं कर.” सरकारवाले त्यांचं करतील, तू तुझं कर; हिलालांकडून तेवढं पुरे होतं.

कोसाडच्या वसाहतीत खानदेशी, ओडिया, उत्तर प्रदेशातले, सगळेच लोक राहायचे. शाळा गुजराती, आणि पहिलीच्या वर्गात गुजराती घरी बोलणारी पोरं हातावर मोजण्याइतकी. पहिल्या आठवड्यात वर्ग नुसता बघत बसायचा. आधीची रंजना असती तर एकटीच बोलत सुटली असती. या रंजनानं पिशवीतून एक कांदा काढून टेबलावर ठेवला, विचारलं, आ शुं छे, आणि गप्प राहिली. मग कुणी तरी म्हणालं, कांदा. कुणी म्हणालं, प्याज. एक ओडिया मुलगी हळूच म्हणाली, पिआज. मागून एकानं ठणकावून गुजरातीत सांगितलं, डुंगळी! मग पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली, की एवढ्याशा कांद्याला नावं तरी किती. रंजनानं चारही नावं फळ्यावर काढली. रोज एक वस्तू यायला लागली, पुढं पुढं पोरंच घरून आणायला लागली. दिवाळीनंतर त्यांचं गुजराती वाहू लागलं. खानदेशी पोरांना रंजना मधल्या सुट्टीत अहिराणीतच दटावायची, आणि ती पोरं बाईला आपली भाषा येते म्हणून डब्यातलं तिच्यापुढे धरायची.

करार संपत आला तसं पालकांना ते कळलं. लूमवर काम करणारे काही जण एका संध्याकाळी फाटकाशी थांबले. त्यांच्यातला योगेंद्र ओडिशाचा. त्यानं हिंदीत विचारलं, “मॅडम, हम सब लिखके दे दें कि आप ही चाहिए, तो?”

“तसं होत नाही, भाऊ,” रंजना हिंदीतच म्हणाली. “वरून येईल तेच.”

“पढ़ते तो हमारे बच्चे हैं।”

प्रियाच्या शाळेतल्या मुलाखतीला बसलेला तो पालक तिला आठवला. पण तिथं माणसं मिळत नव्हती आणि इथं एकेका जागेमागं रांग उभी होती. एवढ्या रांगेत कुणी कुणाला चालवून बघायचं, हेही तिला कळत होतं. मेरिट कोरडं असतं, पण हिलाल बोरसेंच्या मुलीला तिथं कुणी वशिला विचारत नाही, हेही खरं होतं. बमरोलीच्या ट्रस्टींनी तिला फोनवर बोलता बोलता घेतलं होतं; तशीच बोलता बोलता काढलीही असती.

कायम भरतीची नावं लागली त्यात तिचं नाव होतं. सुरत जिल्हा मिळाला, म्हणून घरात आनंदीआनंद झाला. पण शहराच्या शाळा वेगळ्या आणि जिल्ह्याच्या वेगळ्या. गावं निवडायच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर रिकाम्या जागा दिसत होत्या. नंबर पुकारला जाई, उमेदवार गाव सांगे, ते गाव पडद्यावरून जाई. रंजनाचा नंबर बराच खाली. बघता बघता कामरेज गेलं, बारडोली गेली, ओलपाड गेलं. तिची पाळी आली तेव्हा उरलेली बहुतेक गावं उमरपाडा तालुक्यातली होती, जिल्ह्याच्या पार टोकाला, डोंगरात. एकाही गावाचं नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं.

“बोला बेन, कोणतं गाव?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“यातल्या कुठल्या गावाला बस जाते?”

त्यानं दोन नावं सांगितली.

“आणि त्या दोहोंत पहिलीचा वर्ग कुठल्या शाळेत रिकामा आहे?”

अधिकाऱ्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. पहिलीचा वर्ग सहसा कुणी मागून घेत नाही. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, कागद चाळले, एक नाव सांगितलं. रंजनानं तेच घेतलं. बाहेर महेश उभा होता. तिनं गावाचं नाव सांगितल्यावर त्यानं मोबाइलवर नकाशा काढला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

“इथं तर नुसतं हिरवंच दिसतंय,” तो म्हणाला. मोबाइल खिशात टाकत त्यानं विचारलं, “हेतलचं काय?”

त्यावर चार दिवस घरात बोलणं चाललं, कधी नीट, कधी आवाज चढवून. महेशचं म्हणणं, बमरोलीच्या शाळेत परत जा, घर तरी एका जागी राहील. रंजना म्हणाली, “आता सोडलं तर परत नाही मिळायचं, आणि मिळालं तरी मी थकलेली असेन.” शेवटी उषाबाईच आपली पिशवी घेऊन बमरोलीला राहायला आल्या. “मी बघस पोरले,” त्या म्हणाल्या, आणि वाद मिटला. हेतल मात्र आईशी दोन दिवस बोलली नाही.

आता रंजना सोमवारी पहाटे निघते आणि शनिवारी दुपारी परतते. गावात आणखी एका शिक्षिकेबरोबर खोली घेऊन राहते. पोरं वसावा आदिवासींची, त्यांची बोली ना धड गुजराती, ना मराठी; पण अहिराणीच्या कानाला त्यातलं अर्धं कळतं. बाकीचं अर्धं पोरं तिला शिकवतात आणि तिच्या उच्चारांवर मनसोक्त हसतात. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की शनिवारही तिथंच जातो. बदलीचा अर्ज करता येईल तेव्हा करायचा, असं महेशनं ठरवून ठेवलंय. रंजना त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हेतल फोनवर आता पूर्वीसारखी रुसत नाही, पण आईनं फोन केला की आधी शनिवारचं विचारते, आणि ते विचारणं रंजनाला बोचतं.

मागच्या हिवाळ्यात हिलाल तिच्या गावी जाऊन आले. आयुष्यभर रंगाच्या वाफेत उभं राहिलेला माणूस, डोंगराची हवा लागली तसा खुलला. रंजना शाळेत असताना ते पारावर जाऊन बसले. तिथल्या एका म्हाताऱ्याशी गप्पा सुरू झाल्या. हिलाल अहिराणीत विचारायचे, तो आपल्या बोलीत सांगायचा. मोहाची फुलं कधी गळतात, तूर यंदा कशी आली, बिबट्या खरंच येतो का. दोघांनी मिळून अख्खी दुपार घालवली.

सुरतेला परतल्यावर उषाबाईंनी विचारलं, “कसं शे गाव?”

“चांगलं शे,” हिलाल म्हणाले. “पानी गोड शे. लोक बी.” आणि ते जेवायला बसले.